गोल काचेमागचं पाणी

दसरा झाला की महाडमध्ये कपडे वाळायला लागतात. बाहेरच्या माणसाला हे वाक्य विचित्र वाटेल. पण जूनपासूनचे चार महिने आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, नुसते कमी ओले होतात. दाराच्या कडीला, खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली ताणलेल्या सुतळीवर ते दिवसचे दिवस लोंबत राहतात आणि सगळ्या घराला एक कुबट वास देतात. मग एका दुपारी गच्चीवरचा टॉवेल काढायला जावं तर तो पापडासारखा कडक झालेला असतो. त्यात नाक खुपसलं की उन्हाचा वास येतो. त्याच सुमारास पोलादपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंची भातं पिवळी पडतात. संध्याकाळी वारा फिरला की औद्योगिक वसाहतीकडचा तो घशात बसणारा वास येतो, आणि त्यातूनही कुठूनतरी कापलेल्या भाताचा गोडसर वास पोचतोच.

लोक या दिवसांची वाट बघतात. मीही बघते. पण दरवर्षी पहिला कडक वाळलेला कपडा हातात आला की मी थोडा वेळ गच्चीवरच उभी राहते. खाली जावंसं वाटत नाही.

खाली सुनेने आणलेलं कपडे धुण्याचं मशीन आहे. धुणं झालं की ते गाणं वाजवतं. "आई, त्याला मोबाईलवरून पण सांगता येतं," ती मला उत्साहाने दाखवत होती. मी म्हटलं, मला बटणच बरं. त्या मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त त्याचं दार गोल काचेचं आहे, आणि ते चालू असताना मी त्याच्यासमोर थांबत नाही. काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. सुनेला वाटतं, मला आवाज सोसत नाही.

माझे बाबा मुंबईत असली मशिनं दुरुस्त करायचे.

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला होते. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी खाणावळीत. बाबा गिरगावातल्या एका गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. तिथे विलायती घरगुती यंत्रं दुरुस्तीला यायची. साहेब लोक जाताना मागे ठेवून गेलेली, कुणा धनिकाने बोटीने मागवलेली, वापरून वापरून थकलेली. गोल खांद्यांचे फ्रिज, ज्यांचं दार मोटारीच्या दारासारखं धप्प करून लागायचं. दोन रबरी लाटण्यांमधून कपडा पिळून काढणारी यंत्रं. दोन्ही बाजूंना पत्र्याची दारं असलेले टोस्टर. आणि सगळ्यांत मानाची म्हणजे आपलं आपण पाणी घेणारी, धुणारी, पाणी सोडणारी, पुन्हा घेणारी ती गोल काचेची मशिनं. वाडीतल्या बाकीच्या मुलांना त्यांचे बाप सुट्टीवर आले की वाघाच्या आणि चकव्याच्या गोष्टी सांगायचे. माझे बाबा गणपतीला आणि शिमग्याला येत, आणि मला फ्रिजच्या गोष्टी सांगत.

"फ्रिज म्हातारा झाला ना रंजू, की कण्हतो. मशीनचं बेअरिंग गेलं की ती किंचाळते. उघडायची गरज नाय. नुसता कान लावायचा नि सांगायचं, हिला काय दुखतंय."

आय या गोष्टी ऐकायला बसत नसे. तिला कामं असत. ती आत भांडी लावायची आणि बाबा बाहेर बोलायचे. मला वाटायचं, सगळ्यांचे आईबाप असेच असतात. वर्षातून दोनदा भेटणारे, एकमेकांना थोडे बुजणारे, आणि चार दिवसांनी सवय व्हायला लागते न लागते तोच एस.टी. धरायची वेळ झालेली.

मी सोळा वर्षांची असताना चैत्रातली एक सकाळ. वाडीखालून एक पऱ्या वाहतो. आमच्याकडे लहान ओढ्याला पऱ्या म्हणतात. उन्हाळ्यात त्याची धार तुटते आणि खडकांच्या खळग्यांत पाणी उरतं. वाडीतल्या बायका ऊन चढल्यावर एकत्र धुणं घेऊन जायच्या. त्या दिवशी मला उजाडता उजाडता जाग आली, तर आय घरात नव्हती. मी शोधत खाली गेले. ती एकटीच एका खळग्याशी बसली होती. समोर जुन्या लुगड्याचे तुकडे होते आणि खळग्यातलं पाणी लाल झालं होतं.

मला आधी वाटलं, तिला विळा लागला.

तिने मला बघितलं आणि घाईने हातातला तुकडा पाण्यात दाबला. "तू कशाला आलीस गो?"

"आय, तुला काय झालंय? तुजं तर बंद झालेलं ना? तूच बोललेलीस."

"बायकांचं आसतं आसं कायबाय. जातं आपलं आपन." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. "कुनाला बोलायचं नाय. बापसाला तर नायच. तो तकडं एकला, जिवाला घोर लावून घेल. माजी शप्पथ हाय तुला."

आयची शपथ. मोडली तर ती मरते, असं आम्ही पोरी समजायचो. मी ती पाळली. किती नीट पाळली! बाबांना पत्र मीच लिहायची. आय सांगायची आणि मी लिहायची. शेवटी दरवेळी लिहायचं, "आम्ही सर्व खुशाल आहोत." चैत्रात लिहिलं, ज्येष्ठात लिहिलं, आषाढात लिहिलं.

त्या वर्षी गणपतीला बाबा आले ते परत गेले नाहीत. वर्कशॉप बंद झालं होतं. देशी मशिनं बाजारात येऊ लागली होती आणि विलायती जुन्या मशिनांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवरात्राच्या आधी एक दिवस ते पोलादपूरला गेले आणि ट्रकमधून एक मशीन उतरवून घेऊन आले. शेटने निरोपाची भेट म्हणून दिलेलं. पांढरं, जाड पत्र्याचं, कोपरे गोल, मधोमध ताटाएवढी काच. आमच्या वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. आजारी माणसाला डोलीत घालून खाली नेतात, तसं ते मशीन चार माणसांनी डोलीत घालून वर आणलं. अख्खी वाडी बघायला जमली होती.

आय दारातच उभी राहिली. "ह्ये काय?"

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. घाम पुसत, एवढंच.

"माजे हात काय मोडलेत? हितं प्यायाचं पानी आनताना कंबर मोडते, नि ह्ये मशिनीला पानी पाजनार!"

सगळे हसले. बाबाही हसले, पण मी त्यांच्याकडे बघत होते. ते ओशाळले होते. आता मला कळतं की वीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या बायकांचं धुणं सोपं केलं, त्याच्याजवळ आपल्या बायकोला देण्यासारखं हे एकच होतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस बाबा झपाटल्यासारखे राबले. मागच्या पडवीत जमीन खणून त्यांनी सिमेंटचा चौथरा ओतला आणि मशीन त्याला जाड बोल्टने जखडलं. घराच्या मागे चढावर एक झरा आहे. तिथून काळा पाईप आणून बांधावरच्या पिंपात सोडला. पिंप छपराहून उंच हवं, तर पाण्याला जोर येतो, हे ते मला समजावून सांगायचे. पाणी तापवायची वायर त्यांनी सोडवून ठेवली, कारण घरातला मीटर तेवढा भार घेणारा नव्हता. विजेचा दाब संध्याकाळी पडायचा, म्हणून मशीन दुपारीच चालवायचं ठरलं. मी त्यांना पाने-पकडी द्यायची, बॅटरी धरायची. त्या पंधरा दिवसांत मी माझ्या बापाला पहिल्यांदा ओळखायला लागले. ते काम करताना जीभ दातांत धरत. चुकलं की स्वतःलाच हिंदीत शिव्या देत.

आणि रोज मनात यायचं की सांगावं. ते पाईपचा आटा आवळत असत, माझ्या हातात बॅटरी असे, दोघांशिवाय कुणी नसे. तोंडाशी शब्द येत. मग शपथ आठवे. आय तशी कामं करतच होती. खात होती, बोलत होती. मला वाटे, गेलं असेल आपलं आपण.

पहिल्यांदा मशीन चालू केलं तो दिवस मात्र मी आनंदाचाच म्हणून जपून ठेवला आहे. बाबांनी साबणाची वडी विळीवर किसून आत घातली, जरा जास्तच. खटका दाबला. आत पाणी पडल्याचा आवाज आला, ड्रम फिरला, थांबला, उलटा फिरला. पोरं काचेला नाकं लावून बसली. मग फेस यायला लागला. दाराच्या कडेतून, वरून, खालून. पडवी भरली, फेस अंगणात उतरला, आणि शेजारच्या लक्ष्मीकाकूंचा कोंबडा त्यात शिरून पांढराशुभ्र होऊन बाहेर पळाला. आय पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. "अवो, बंद करा ती! बंद करा!" बाबा खटका शोधत होते आणि तेही हसत होते. आईबाप एकत्र हसताना मी तोवर कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर धुणं हे बाबांचं काम झालं. वाडीत चेष्टा झाली, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. आय आपलं एक लहान गाठोडं तेवढं वेगळं ठेवायची आणि पहाटे पऱ्यावर जायची. बाबांनी विचारलं तर म्हणायची, "देवाचं हाय."

कार्तिकात कापणी जोरात आली. त्या दिवशी आय आणि लक्ष्मीकाकू खालच्या शेतात गेल्या होत्या. मला दिवाळीची सुट्टी होती. मी अंगण सारवत होते. बाबांनी ठरवलं की आज ऊन चांगलं आहे, घरातलं होतं नव्हतं तेवढं धुवून काढायचं. गोधड्यांची खोळ, जुनी पटकुरं, पोती. शोधताना त्यांना भाताच्या कणगीमागे एक गाठोडं सापडलं. ते त्यांनी न सोडताच आत टाकलं असावं.

"रंजू, जरा इकडं ये."

मी शेणाचे हात घेऊन गेले. बाबा चौथऱ्यासमोर उकिडवे बसले होते. काचेमागे फेस होता. तो फिका गुलाबी होता. ड्रम थांबला, उलटा फिरला, आणि पाणी आणखी गडद झालं.

"कुठल्या कपड्याचा रंग जातोय गो?"

"नव्या साडीचा," मी म्हटलं.

बाबांनी मान वळवली नाही. ते काचेकडेच बघत राहिले. म्हणाले, "नवी साडी? मी तर आणली नाय."

मशीनने पाणी सोडलं. ते पाईपातून अंगणाच्या कडेला गेलं आणि मी नुकत्याच सारवलेल्या जमिनीवरून एक लालसर ओघळ उतरला. बाबांनी दार उघडलं. एकेक तुकडा बाहेर काढून मांडीवर उलगडला. जुन्या लुगड्याचे तुकडे, घड्या घालून टाके मारलेले. किती होते! त्यांनी ते परत आत घातले, पुन्हा धुतले, आणखी एकदा धुतले. मग पुढच्या अंगणातल्या दोरीवर, भर उन्हात, सगळे ओळीने वाळत घातले. असले कपडे कुणी कधी पुढच्या अंगणात घालत नाही.

"बाबा, तिथं नका घालू," मी कशीबशी म्हटलं.

"ऊन इथंच हाय," ते म्हणाले.

ऊन कलल्यावर आय डोक्यावर भाताचा भारा घेऊन आली. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आली आणि तिला दोरी दिसली. तिने भारा उतरवला नाही. तशीच उभी राहिली, दोन्ही हात वर, भाताच्या लोंब्या कपाळावर आलेल्या.

"कदीपासून?" बाबांनी विचारलं.

"भात आत घ्यायाचंय."

"कदीपासून गो?"

"शिमग्यापासून."

"मला सांगितलं नायस."

"तुमी व्हता कुठं सांगायला?" ती रागाने बोलली नाही. तिचा आवाज दमलेला होता. "पत्रात लिवायाचं व्हतं? ह्या पोरीकडनं लिवून घ्यायाचं व्हतं?"

एवढं बोलतानाही तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. बाबांनी पुढे होऊन तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतला. मी त्यांना भारा उतरवून घेताना कधी पाहिलं नव्हतं. तो किती जड असतो हे त्यांना माहीत नव्हतं. ते झोक जाऊन दोन पावलं मागे गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं महाडला डॉक्टरांकडे गेलो. आयला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी बाबांना व्हरांड्यात घेतलं. मी खांबाला टेकून उभी होते. डॉक्टर हळू आवाजात बराच वेळ बोलले. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, पसरली आहे, मुंबईला न्या. त्यांचं शेवटचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. "सहा महिने आधी आणलं असतं ना, तर गोष्ट वेगळी होती."

मी बोटांवर महिने मोजले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. मोजून झाले आणि पुन्हा मोजले, एखादा कमी भरेल म्हणून.

बाबा आयला घेऊन मुंबईला गेले. मी लक्ष्मीकाकूंकडे राहिले. शेत अर्धं उभं होतं. ते काकूंनी आणि मी कापलं. भात झोडताना काकू बोलत राहायच्या, पिकाबद्दल, पोरांबद्दल, कोंबड्यांबद्दल. आयचं नाव टाळून. झोडलेल्या भाताची धूळ नाकातोंडात जायची, तेव्हा डोळे पुसले तरी कुणी विचारत नसे. एकदाच, खळ्यावर बसलेल्या असताना, काकू म्हणाल्या, "मला तरी सांगायची ना गो. रोज शेजारी बसून धुनं केलं आमी." मला नव्हत्या म्हणत. आयला म्हणत होत्या. पण मी विळा खाली ठेवला आणि पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन बसले.

महिनाभराने ते दोघं परत आले. किरणांचे शेक देऊन झाले होते. आय अर्धी झाली होती. काळवंडलेली, पण डोळे मोठे आणि शांत. मुंबईत काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे बाबांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी वाट बघत होते की आता ते मला विचारतील. तू घरात होतीस, तुला कसं कळलं नाही? त्या दिवशी तू साडीचं का बोललीस? पण त्यांनी विचारलंच नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही.

पौष आणि माघ. आयला उठवेना झालं. रोजच्या चादरी, रोजची लुगडी. बाबा सकाळी तिचं अंग पुसून घेत, बिछाना बदलत, आणि दुपारी विजेचा दाब असेल तेव्हा मशीन लावत. आयने सांगून आपली खाट मागच्या पडवीत आणवली होती. तिला काचेतून बघायला आवडायचं. तिची हिरवी साडी वर यायची, बुडायची, पुन्हा यायची. लक्ष्मीकाकू आणि वाडीतल्या आणखी दोघी-तिघी दुपारी येऊन खाटेभोवती बसायच्या. तांदूळ निवडत, गप्पा मारत.

"बग गो लक्षुमी," आय एकदा म्हणाली, "आपटायला नको, पिळायला नको. नि मी हितं राणीवानी निजून."

काकूंना हसायचं होतं. त्यांना हसता आलं नाही.

माघ संपत आला तशी झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. पिंप भरायला दोन दिवस लागायला लागले. मग बाबा पऱ्यावरून हंडे आणून शिडीवर चढून पिंपात ओतायचे. मी म्हटलं, बाबा, मी खाली जाऊन हाताने धुते. ते म्हणाले, "नको. तिला बघायला लागतं." एका सकाळी ते शिडीवर असताना मी आयच्या तोंडात पाणी घालायला गेले, आणि पाणी ओठांच्या कडेने खाली आलं. मी हाक मारली. बाबा हंडा घेऊन तसेच उभे राहिले वर, आणि हंड्यातलं पाणी त्यांच्या अंगावर सांडत राहिलं.

त्या मशीनला बाबांनी परत वीज लावली नाही. पुढे आम्ही महाडला आलो. बाबांनी बाजारात मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचं लहानसं दुकान टाकलं. मी शिकले, आरोग्यसेविका झाले. तीस वर्षं मी या डोंगरांत फिरले, पोलादपूरच्या वाड्यांपासून वरंधपर्यंत. कुठल्याही घरी गेले की बायकांना सरळ विचारायची, अंगावरून जातंय का? नाय गो ताय, त्या म्हणायच्या. मी ऐकून निघून यायची नाही. पाणी मागायची, बसायची, परत विचारायची. पुरुष जवळ असले तर त्यांना काहीतरी काम सांगून बाहेर पाठवायची. काही जणी वेळेत महाडला पोचल्या. त्यांची तोंडं मला आठवतात. पण ज्या दिवशी एखादी पोचायची, त्या संध्याकाळी मला जास्तच रडू यायचं. का, ते मी कुणाला समजावू शकले नसते.

बाबा माझ्याजवळच राहायचे. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. आमचं चांगलं जमायचं. आम्ही सगळ्याबद्दल बोलायचो, आयबद्दल सोडून.

काही वर्षांपूर्वी, असाच दसऱ्यानंतरचा एक दिवस. बाबा गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. माझी निवृत्ती झाली होती, केस पिकले होते, आणि मला अचानक वाटलं की आता हा माणूस फार दिवस नाही. मी त्यांच्याकडे पाठ करूनच बोलले.

"बाबा, मला ठाऊक होतं. आयचं. चैत्रापासून ठाऊक होतं. तिनं शपथ घातली होती, म्हणून मी बोलले नाही."

मी वळले. बाबा माझ्याकडे बघत होते.

"मला माहीत हाय, बाय."

"कसं?"

"तिनंच सांगितलं. हॉस्पिटलात. म्हणाली, पोरीला मी शप्पथ घातलेली, ती आतून जळत असेल. तिला कदी विचारू नका. तिचं ती बोलेल तवा बोलेल." बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मी वाट बघत होतो."

"एवढी वर्षं?"

"तू बोलली नायस ना."

मी खाली त्यांच्या पायाशी बसले. सोळा वर्षांची असताना जे रडायला हवं होतं ते त्या गच्चीवर रडले. बाबा माझ्या डोक्यावर थरथरता हात ठेवून बसले. तोच थरथरता हात, की ते मुद्दाम थोपटत होते, मला कळलं नाही. त्यांनी मला, तुझी चूक नव्हती असं म्हटलं नाही. मीही त्यांना, तुमची नव्हती असं म्हटलं नाही. आम्हा दोघांनाही ते खोटं वाटलं असतं.

मग ऊन उतरायला लागल्यावर बाबा आपले आपण बोलायला लागले. मुंबईतल्या त्या महिन्याबद्दल. ते सांगायचं तर शपथेचं सांगावं लागलं असतं, म्हणून त्यांनी तो आख्खा महिना माझ्यापासून झाकून ठेवला होता. आय हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या गुजराती बाईशी तासन् तास बोलायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने पहिल्यांदा आइसक्रीम खाल्लं आणि म्हणाली, दातांना थंडी वाजते. आणि एका दुपारी, शेक घेऊन झाल्यावर, तिने हट्ट धरला की तुम्ही जिथं काम करायला जायचा ती घरं मला दाखवा.

"टॅक्सी करून नेली. मलबार हिलला. एका बिल्डिंगीखाली उभे राहिलो. मी बोट करून दाखवलं, तो चौथा माळा. तिथं मी पहिली गोल काचेची मशीन बसवली. ती मान वर करून बघत राहिली. माझा हात धरून, भर रस्त्यात. मला वाटलं, आता म्हणेल काय मोठं घर हाय."

"मग?"

"म्हणाली, त्यांचं धुनं मशीनच करते, तर त्या बायका एकमेकीला भेटतात कुठं?"

बाबा हसले. मीही हसले, नाक पुसत.

"काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगणार? वीस वर्षं जात होतो मी त्या घरांत. मला कदी सुचलंच नाय विचारायला."

बाबा पुढच्या आषाढात गेले. तोवर रोज दुपारी त्यांनी मला त्या महिन्यातला एकेक दिवस सांगितला. शेवटी शेवटी त्यांना आठवेना, तेव्हा तेच दिवस दोन-दोनदा सांगितले. मी दरवेळी पहिल्यांदाच ऐकते आहे, अशी ऐकत राहिले.